पान कुणाचे, हात कुणाचा

'मालक' आणि 'ताबा' हे दोन्ही शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. तलाठ्याच्या दप्तरात ते वेगवेगळ्या जागी बसतात. कोर्टात त्यांच्यातल्या फरकावर पिढ्यान् पिढ्या दावे चालतात. घरात आणि मोहल्ल्यात बोलताना मात्र आपण हा फरक करत नाही. जे हातात आहे ते आपले, असे आपण धरून चालतो. भाड्याचे घर 'आमचे घर' होते. संस्थेतली खुर्ची 'माझी खुर्ची' होते. थोरल्या भावाकडे सांभाळायला सोपवलेली जमीन वीस वर्षांनी 'थोरल्याची जमीन' होते आणि त्यात बहिणीचा हिस्सा होता, हे आठवणारी माणसेही एकेक करून निघून जातात.

ही नुसती बोलण्याची सवय आहे, की आपल्या अनेक अन्यायांची सुरुवात याच सवयीतून होते? ताबा आणि मालकी यांच्यात नेमका फरक काय? एकाचे दुसऱ्यात रूपांतर केव्हा होते, आणि केव्हा होऊ द्यावे? हे प्रश्न मांडण्यासाठी मी दाखला घेणार आहे तो एका पत्त्यांच्या खेळाचा. वाचकांना ते विचित्र वाटेल. पण या खेळाच्या नियमावलीत ताबा आणि मालकी यांचा जितका बारीक विचार केलेला मला आढळला, तितका नीतीवरच्या पुस्तकांतही क्वचितच आढळतो.

या खेळाचे नाव 'मॅजिक : द गॅदरिंग'. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने तो तयार केला आणि १९९३ साली 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने तो बाजारात आणला. आपल्या बावन्न पानांच्या कॅटपेक्षा हा प्रकार वेगळा आहे. इथे दोघांत मिळून एक कॅट नसतो. प्रत्येक खेळाडू स्वतः जमवलेल्या पानांतून निवडून आपला गठ्ठा घेऊन येतो, आणि नेहमीच्या डावात त्यात निदान ६० पाने असावी लागतात. काही पाने म्हणजे जमिनी, त्यांच्यातून शक्ती मिळते. ती शक्ती खर्चून जीव, वस्तू आणि मंत्र यांची पाने मेजावर उतरवायची. प्रत्येकाकडे सुरुवातीला आयुष्याचे २० गुण असतात. ज्याचे गुण संपले तो हरला.

आता मुद्द्याकडे येतो. या खेळात काही पाने अशी आहेत, की ती खेळली असता समोरच्याचा जीव आपल्या बाजूने लढू लागतो. पान त्याचे, हुकूम आपला. अशा पानांमुळे नियम करणाऱ्यांपुढे पहिल्याच दिवशी प्रश्न उभा राहिला, की मग ते पान कुणाचे म्हणायचे? त्यांनी दोन शब्द कायमचे वेगळे करून टाकले. डाव सुरू होताना जे पान ज्याच्या गठ्ठ्यात होते, तो त्याचा मालक. मेजावर ते पान ज्याच्या हुकमाने चालते, तो त्याचा ताबेदार. ताबा डावात दहा वेळा बदलो, मालक बदलत नाही.

याला जोडून आणखी एक नियम आहे. ताबा ही गोष्ट फक्त चालू रणांगणावर असते. हातातल्या, गठ्ठ्यातल्या किंवा बाद झालेल्या पानांच्या ढिगातल्या पानाला ताबेदार नसतोच, फक्त मालक असतो. बाद पानांच्या या ढिगाला खेळात 'कबरस्तान' म्हणतात. दुसऱ्याच्या ताब्यातला जीव मेला, तर तो ताबेदाराच्या कबरस्तानात जात नाही, मालकाच्या कबरस्तानात जातो. आयुष्यभर कुणाच्याही हुकमात राहो, मातीला तो आपल्याच घरी येतो.

ताबा देणारे प्रत्येक पान दोन गोष्टी स्पष्ट करते : कशाच्या जोरावर, आणि किती काळ. 'कंट्रोल मॅजिक' हे १९९३च्या पहिल्याच संचातले पान. हा मंत्र समोरच्याच्या जीवाला चिकटवायचा, आणि तो चिकटलेला आहे तोवर जीव आपला. कुणी तो मंत्र उडवला, तर जीव त्याच क्षणी माघारी जातो. 'ॲक्ट ऑफ ट्रीझन' या पानाची मुदत त्याहून कमी आहे. पाळी संपेपर्यंतच जीव आपल्याकडे राहतो. 'आजपासून हे माझे' असे मोघम वाक्य या नियमांत बसत नाही. मुदत लिहिलेली नसेल तर ताबा डाव संपेपर्यंत, पण मालकी तेव्हाही मूळ माणसाचीच.

एक बारकावा तर मला फार आवडला. साधारणपणे नव्याने ताब्यात आलेला जीव लगेच हल्ला करू शकत नाही. आपली पाळी सुरू झाली तेव्हापासून तो सलग आपल्याकडे असला पाहिजे. हुकूम मिळाला म्हणून इमान लगेच मिळत नाही, असे जणू नियम सांगतो. 'ॲक्ट ऑफ ट्रीझन'मध्ये ही अडचण मुद्दाम दूर केलेली आहे, कारण ते पान घाईने वापरून घेण्यासाठीच बनले आहे.

ताब्यावर ताबा आला तर काय? समजा, जीव अहमदचा आहे. बशीरने त्यावर 'कंट्रोल मॅजिक' टाकले. मग तिसऱ्या खेळाडूने, जमालने, एका पाळीपुरता तो उचलला. जमालची पाळी संपल्यावर तो जीव अहमदकडे जात नाही, बशीरकडे जातो. नियम असा, की नंतरचा हुकूम आधीच्या हुकमावर बसतो, पण त्याला पुसून टाकत नाही. वरचा थर निघाला की खालचा उघडा पडतो. बशीरचा मंत्रही उडाला, तर मात्र अहमदकडे परत. आपल्याकडच्या जमिनींचे आणि घरांचे किती दावे असेच असतात! आजच्या कब्जेदाराला हटवले म्हणजे न्याय झाला असे आपण समजतो, आणि वस्तू जाते ती मालकाकडे नाही, तर मधल्या कब्जेदाराकडे. मालकापर्यंत पोहोचायचे तर सगळे थर उलगडावे लागतात.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की हे नियम फारच न्यायी आहेत. तसे नाही. या खेळातले मुरलेले लोक एक युक्ती वापरतात. एका पाळीपुरता दुसऱ्याचा जीव घ्यायचा, त्याच्याकडून हल्ला करवायचा, आणि परत करायची वेळ येण्याआधी स्वतःच्या फायद्यासाठी त्याचा बळी द्यायचा. बळी देण्यासाठी मालकी लागत नाही, ताबा पुरतो. नियमाप्रमाणे पान मालकाच्या कबरस्तानात जाते, म्हणजे हिशोब चोख. मालकाला त्याचे पान मिळाले, पण मेलेले मिळाले.

अनाथ पुतण्याच्या वाट्याचे दुकान चुलत्याने सांभाळले आणि तो सज्ञान झाल्यावर 'घे बाबा तुझे' म्हणून चावी हातात दिली. दुकानात तेव्हा माल नव्हता, उधारी होती आणि गिऱ्हाईक तुटलेले होते. कागदावर चुलत्याने काहीच घेतलेले नाही. मालकी शाबूत ठेवून वस्तू संपवता येते, हे या खेळाने नकळत दाखवून दिले आहे. म्हणून 'परत केले का?' एवढे विचारून भागत नाही. 'कोणत्या अवस्थेत परत केले?' हेही विचारावे लागते. आपल्या बोलीत अमानत हा शब्द आहे, मराठीत तोच अनामत होऊन बसला आहे. अमानतीत वस्तू परत करणे येतेच, पण तिचा जीव राखणेही येते.

या खेळाचे आपल्याशी एक जुने नातेही आहे. त्याचा पहिला पुरवणी संच डिसेंबर १९९३मध्ये आला, तो 'अरेबियन नाइट्स' या नावाने. म्हणजे आपली अलिफ लैला. त्यात अलादीन आहे, अलीबाबा आहे, सिंदबाद आहे, शहरजाद आहे. आणि ताबा बदलणारी काही मोठी अर्थपूर्ण पाने याच संचात आहेत.

सिंदबादच्या पाचव्या सफरीतला तो म्हातारा वाचकांना आठवत असेल. ओढ्यापलीकडे नेऊन सोड, अशी खूण करून तो सिंदबादच्या खांद्यावर बसतो आणि मग मानेभोवती पाय आवळून उतरायचे नाव घेत नाही. खेळात 'ओल्ड मॅन ऑफ द सी' हे त्याचेच पान. हे पान आडवे करून ठेवले, की आपल्याइतक्या किंवा आपल्याहून कमी ताकदीच्या एका जीवाचा ताबा मिळतो. पण म्हातारा आडवा आहे तोवरच. तो सरळ झाला, तर ताबा सुटतो. त्या जीवाची ताकद म्हाताऱ्याहून वाढली, तरी सुटतो. म्हणजे दुसऱ्याला धरून ठेवायचे तर म्हाताऱ्याने स्वतः जागचे हलायचे नाही, लढायचे नाही, काही करायचे नाही. मानगुटीवर बसलेला माणूसही मोकळा नसतो. सासरे-सुना, शेठ-नोकर, पुढारी-कार्यकर्ते या जोड्यांकडे पाहिले तर हे पटते. दुसऱ्याला दाबून ठेवण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या हातून दुसरे काही झाल्याचे सहसा दिसत नाही. आणि दबलेल्याची ताकद वाढेल, ही भीती त्याला जन्मभर सोडत नाही.

'अलादीन'चे पान दुसऱ्याच्या वस्तूचा ताबा घेते. त्याची मुदत अशी, की अलादीन आपल्या ताब्यात आहे तोवर. कुणी अलादीनलाच पळवले, की आपण मिळवलेली वस्तूही हातून गेली. आणखी एक पान आहे 'गझबान ओगर' नावाच्या राक्षसाचे. ज्याच्याकडे आयुष्याचे गुण सर्वांत जास्त, त्याच्याकडे हा आपणहून जातो. स्वस्तात मिळतो, पण आपण दुबळे झालो की समोरच्याच्या बाजूने उभा राहतो. सत्ता बदलली की पक्ष बदलणाऱ्यांची ओळख असलेल्या वाचकांना या राक्षसाबद्दल जास्त सांगायला नको.

अलादीनच्या गोष्टीचाच ताबा आणि मालकी पाहिली, तर हा विषय खेळाबाहेर येतो. फ्रेंच विद्वान आंत्वान गॅलंड यांनी १७०४ ते १७१७ या काळात अलिफ लैला फ्रेंचमध्ये आणली आणि तिथून ती युरोपभर गेली. पण अलादीन आणि अलीबाबा या गोष्टी त्यांना अरबी हस्तलिखितात मिळालेल्या नव्हत्या. त्या त्यांना १७०९ साली पॅरिसमध्ये हन्ना दियाब नावाच्या हलबच्या एका ख्रिस्ती तरुणाने सांगितल्या. गॅलंड यांनी रोजनिशीत त्याची नोंद केली, छापील पुस्तकात मात्र त्याचे नाव आले नाही. पुढे बराच काळ त्या गोष्टी गॅलंड यांच्याच म्हणून वाचल्या गेल्या. खेळातले पान शेवटी आपल्या मालकाच्या ढिगात जाते. गोष्ट मात्र सांगणाऱ्याच्या घरी परतायला दोन-अडीचशे वर्षे लागली.

देण्यातूनही ताबा बदलतो, आणि ते नेहमी औदार्य असतेच असे नाही. १९९९ साली 'डोनेट' नावाचे पान आले. आपल्या ताब्यातली एक गोष्ट समोरच्याला देऊन टाकायची, एवढेच त्याचे काम. जिंकण्यासाठी खेळणाऱ्याने आपले काही का द्यावे? पण खेळाडूंनी त्याला एका जुन्या पानाची जोड शोधली. १९९५चे 'इल्यूजन्स ऑफ ग्रँजर' हे पान मेजावर आले की आपल्याला आयुष्याचे २० गुण मिळतात, आणि ते मेजावरून गेले की त्या वेळच्या ताबेदाराचे २० गुण जातात. शिवाय ते टिकवण्यासाठी दर पाळीला वाढता खर्च करावा लागतो. मग युक्ती अशी : पान उतरवून २० गुण आपण घ्यायचे, आणि लगेच ते पान समोरच्याला 'दान' करायचे. खर्च त्याच्या गळ्यात पडतो. तो भागवता आला नाही, की पान जाते आणि त्याचे २० गुणही जातात. फायदा देणाऱ्याने आधीच घेतलेला असतो, घेणाऱ्याच्या वाट्याला नुसता बोजा येतो. या जोडीने मोठमोठ्या स्पर्धांत पुष्कळांना हरवले.

कर्जबाजारी संस्था 'तरुणांच्या हाती कारभार' म्हणत सोपवणारे, दुरुस्तीचा खर्च वर आला की वडिलोपार्जित घर धाकट्याच्या नावावर करणारे मोठे भाऊ, यांनी हे पान कधी पाहिलेले नसते. तरी ते खेळतात ते हेच. म्हणून दान देणाऱ्याने किती सोडले यापेक्षा घेणाऱ्याच्या पदरात काय पडले, ते पाहिले पाहिजे.

खेळात मालकी कधीच बदलत नाही असे मी वर म्हटले. सुरुवातीच्या काळात एक अपवाद होता. प्रत्येकाने गठ्ठ्यातले एक पान न निवडता बाजूला काढायचे आणि जिंकणाऱ्याने दोन्ही पाने कायमची घरी न्यायची, असा एक प्रकार तेव्हा नियमांत होता. काही पाने तर डाव चालू असतानाच मालकी बदलत. म्हणजे सरळ सरळ जुगार. खेळाडूंना तो रुचला नाही आणि जुगाराच्या कायद्यांचीही अडचण होती. १९९५नंतर अशी नवी पाने आली नाहीत, आणि अधिकृत स्पर्धांत जुन्यांना मनाई आहे. डावात हरणे लोकांना चालले, डाव संपल्यावर वस्तूच गमावणे चालले नाही. हा फरक करमणुकीच्या खेळालाही कळला, याची नोंद घ्यावी.

आता एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, आणि तो आक्षेप गंभीर आहे. खेळात मालकी पवित्र मानता येते, कारण तिथे डाव स्वच्छ सुरू होतो. प्रत्येक जण आपला गठ्ठा घेऊन बसतो. जगात तसे नसते. इथे आपण बसतो तेव्हा डाव मध्यावर आलेला असतो आणि काहींच्या हातात शंभर पाने, तर काहींच्या हातात एकही नसते. मग 'मूळ मालक' कुणाला म्हणायचे?

कोकणातल्या वाचकांना खोती ठाऊक आहे. जमीन कसणारे कूळ वेगळे, आणि सारा वसूल करून गावावर हुकमत चालवणारा खोत वेगळा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ साली. खोतांत हिंदू होते तसे मुसलमानही होते, हे आपण विसरू नये. पुढे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणाऱ्या कुळाला त्याच्या जमिनीचा खरेदीदार मानले. म्हणजे इथे कायद्याने ताब्याचे मालकीत रूपांतर केले, आणि ते योग्यच केले. कारण तो ताबा घामाचा होता, आणि त्यापुढची कागदी मालकी ही मुळात ताकदीच्या जोरावर मिळवलेला ताबाच होती. वरचा थर काढला तेव्हा खाली मालक सापडला तो कसणारा.

याच्या शेजारी दुसरा कायदा ठेवून पाहावा. १९६३च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे खाजगी जमिनीवर कुणी १२ वर्षे उघडपणे, मालकाच्या विरोधात ताबा ठेवला आणि मालकाने दावा केला नाही, तर मालकाचा हक्कच संपतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका निकालात या तरतुदीवर कडक टीका केली आणि सरकारने तिचा फेरविचार करावा असे सुचवले. २०२३ साली विधी आयोगाने मात्र बदलाची गरज नाही असा अहवाल दिला. बाजू दोन्हीकडे आहेत. पण नीतीच्या दृष्टीने एवढे स्पष्ट दिसते, की दोन्ही कायद्यांत ताब्याची मालकी होते, तरी दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. एकीकडे कष्टाने हक्क मिळतो, दुसरीकडे नुसत्या मुदतीने. माहेर तुटू नये म्हणून गप्प राहिलेल्या बहिणीचे मौन हे तिने हक्क सोडल्याचे पत्र नसते. काळ लोटल्याने विसर पडतो, हक्क आपोआप जात नाही. खेळाच्या नियमात काळाने मालकी मिळत नाही, तेवढ्यापुरता तो नियम आपल्या व्यवहारापेक्षा सरळ आहे.

इथवर वस्तूंचे झाले. माणसावरच्या ताब्याचे काय? २००३ साली या खेळात 'माइंडस्लेव्हर' नावाचे पान आले. बरीच शक्ती खर्चून ते वापरले, की समोरच्या खेळाडूच्या पुढच्या पाळीत त्याचे सगळे निर्णय आपण घ्यायचे. त्याचा हात आपल्याला दिसतो. कोणते पान टाकायचे, कुणावर हल्ला करायचा, आपण ठरवायचे. तो नुसता बघत बसतो. खेळाच्या नियमावलीला यासाठी एक नवे प्रकरण लागले, आणि त्या प्रकरणात नियम करणाऱ्यांनी मर्यादा आखून दिल्या. दुसऱ्याच्या पाळीचा ताबा घेणारा त्याला हार मानायला लावू शकत नाही. उलट त्या खेळाडूला स्वतःला हार मानून उठून जायचे असेल, तर तो कोणत्याही क्षणी जाऊ शकतो, ताब्यात असतानाही. त्याने नैसर्गिक विधीला जायचे की नाही, पंचाला बोलवायचे की नाही, आपले पान कुणाला अदलाबदलीत द्यायचे की नाही, हे त्याचे तोच ठरवणार. ताबा त्याच्या खेळातल्या चालींवर आहे, त्याच्यावर नाही.

या मर्यादा वाचताना मला आखाती देशांत गेलेली आपली माणसे आठवली. रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी मुसलमान घरांची चूल त्यांच्या पगारावर पेटली. काम मिळवून देणारा कफील आणि त्याच्या मर्जीवर बांधलेला मुक्काम, हा व्यवहार या घरांना तोंडपाठ आहे. पोहोचल्यावर पासपोर्ट मालकाच्या कपाटात जमा करायचा, ही रीतही जुनी. खरे तर भारताच्या १९६७च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही कायम केंद्र सरकारची मालमत्ता असते. तो बाळगणाराही त्याचा मालक नाही, मग कफील कुठून होणार? पण ताबा त्याच्याकडे होता आणि तेवढे पुरत होते. कतारने २०१८ साली बहुतेक कामगारांना देश सोडताना लागणारी मालकाची परवानगी रद्द केली, आणि २०२० साली नोकरी बदलताना लागणारा मालकाचा होकारही काढला. कागदावर हे झाले. पण जी गोष्ट पत्त्यांच्या खेळात पहिल्यापासून मान्य होती, उठून जाण्याचा हक्क, ती हाडामासाच्या माणसाला मिळायला इतकी वर्षे लागली.

घरातही हीच फूटपट्टी लावून पाहावी. बाप मुलीचे, नवरा बायकोचे, मुलगा म्हाताऱ्या आईचे निर्णय घेतो. सगळेच जुलमाने घेतात असे नाही, बहुतेक प्रेमानेही घेतात. लहान मुलाचे निर्णय तर कुणाला घ्यावेच लागतात. प्रश्न ताबा आहे की नाही हा नाही. ज्याच्यावर ताबा आहे त्याला तीन गोष्टी उरल्या आहेत का, हे पाहायचे : नको म्हणून उठता येते का, दाद मागता येते का, आणि जे त्याचे स्वतःचे आहे त्याबद्दल तो स्वतः ठरवतो का. या तीन गोष्टी उरल्या असतील तर तो सांभाळ आहे. नसतील, तर त्याला काळजी म्हणा, परंपरा म्हणा किंवा इज्जत म्हणा, माणसाला वस्तू केले आहे एवढेच त्यातून कळते.

खेळातला आणखी एक नियम सांगतो. चार-पाच जण खेळत असताना एखादा मध्येच बाद झाला किंवा उठून गेला, तर त्याच्या मालकीची सगळी पाने त्याच्याबरोबर मेजावरून जातात, ती कुणाच्याही ताब्यात असोत. आणि त्याने मंत्राने मिळवलेले दुसऱ्यांचे ताबे तिथेच संपतात.

आपल्या बाबतीत नेमके उलटे होते. आपण उठून जातो तेव्हा आपले म्हटलेले एकही पान बरोबर येत नाही. घर राहते, जमीन राहते, पुस्तके राहतात, मुले राहतात. खेळाच्या व्याख्येप्रमाणे पाहिले तर आपण कशाचेच मालक नव्हतो. आपण ताबेदार होतो, आणि आपल्या ताब्याची मुदत पानावर छापलेली नव्हती इतकेच. मयताची खबर कानावर पडताच आपल्या तोंडून जे वाक्य आपोआप निघते, त्याचा अर्थ हाच नाही का? ते वाक्य आपण दुसऱ्याच्या मृत्यूवर म्हणतो, स्वतःच्या कपाटाच्या चाव्या हातात घेताना म्हणत नाही.

याचा अर्थ सगळे सोडून फकीर व्हावे असा मी काढत नाही. ताब्याशिवाय जग चालणार नाही. शेत कुणीतरी कसले पाहिजे, संस्था कुणीतरी चालवली पाहिजे, पोर कुणीतरी वाढवले पाहिजे. पण जे हातात आहे त्याबद्दल चार प्रश्न अधूनमधून विचारता येतील. हे माझ्याकडे कशाच्या जोरावर आले? किती काळासाठी? यात आणखी कुणाचा हक्क आहे? आणि देण्याची वेळ येईल तेव्हा ते जिवंत असेल का? वडिलांच्या घराचे कागद ज्याच्या पेटीत आहेत, मशिदीच्या किंवा मदरशाच्या हिशोबाची वही ज्याच्या घरी आहे, त्याने हे प्रश्न इतर कुणी विचारण्याची वाट पाहू नये. बहीण अजून हयात असेल, तर तिला तिच्या हिश्शाबद्दल या वर्षीच विचारावे, आणि तिने 'राहू दे' म्हटले तर ते ती मोकळेपणाने म्हणते आहे का, हेही पाहावे.